अशांत देशांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा: ठरवायचं कोणी आणि भोगायचं कोणी?

काळी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात क्रीडाशिक्षक आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपी. टायब्रेकचा पहिला डाव बरोबरीत सुटला, दुसरा दिव्यानं घेतला आणि एकोणिसाव्या वर्षी पोरगी थेट ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या कपाटातले बुद्धिबळाचे पट बाहेर निघाले. एका पटाचा काळा उंट हरवलेला, तिथं मुलांनी बाटलीचं झाकण ठेवलं आणि डाव सुरू.

त्यातच दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिथं तर रोज मोर्चे निघतात म्हणे. मग एवढी मोठी स्पर्धा तिथंच काऊन ठेवली?"

प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीच्या निकालावरून जॉर्जियात वाद पेटला. २८ नोव्हेंबरला सरकारनं युरोपीय संघात जाण्याच्या वाटाघाटी २०२८ पर्यंत लांबणीवर टाकल्या आणि तेव्हापासून राजधानी तिबिलिसीतल्या रुस्तावेली रस्त्यावर रोज संध्याकाळी लोक जमू लागले. अश्रुधूर, पाण्याचे फवारे, धरपकड, सगळं झालं. बातुमी मात्र लांब, काळ्या समुद्राच्या काठाला. तिथं पटावरचं युद्ध शांतपणे पार पडलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्पर्धा कुठं घ्यायची आणि कुठून हलवायची, हे ठरवणं महासंघांचं काम आहे. ते त्यांनी वेळेत आणि उघडपणे करावं. होतं काय, की महासंघ शेवटच्या घडीपर्यंत तोंड उघडत नाहीत आणि सगळं ओझं येतं खेळाडूच्या डोक्यावर. जायचं तर जा, नाही तर घरी बस. वर दंड भरायचा तोही खेळाडूनंच.

टोगोचं उदाहरण घ्या. ८ जानेवारी २०१० ला आफ्रिका चषकासाठी निघालेल्या टोगोच्या फुटबॉल संघाच्या बसवर अंगोलाच्या कबिंडा भागात गोळीबार झाला. सहायक प्रशिक्षक आणि माध्यम अधिकारी मारले गेले. कबिंडात फुटीरतावाद्यांचा सशस्त्र संघर्ष जुना, तो काही कोणापासून लपलेला नव्हता, तरी तिथं सामने ठेवले होते. टोगोच्या सरकारनं संघाला परत बोलावलं. आणि आफ्रिकी महासंघानं काय केलं? सरकारनं हस्तक्षेप केला म्हणून टोगोवरच पुढच्या दोन स्पर्धांची बंदी घातली! काही महिन्यांनी ती उठवली, पण आपली माणसं गमावून आलेल्या खेळाडूंना आधी शिक्षा ऐकवली गेली, हे मला आजही सहन होत नाही.

दुसरं असं, की आपण 'अशांत देश' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबतो. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाआधी, ३१ जानेवारीला कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर ट्रकबाँब आदळला. नव्वदच्या आसपास माणसं गेली. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज कोलंबोत खेळायला गेले नाहीत, गुण श्रीलंकेला मिळाले. पण १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तानचा एकत्र संघ कोलंबोत उतरला. अझरुद्दीन कर्णधार, सचिन आणि वसीम अक्रम एकाच बाजूनं! पुढं झिम्बाब्वे कोलंबोत खेळलं, केनिया कँडीत खेळलं. तिथले लोक हल्ल्याचे बळी होते, त्यांच्या पाठीशी उभं राहणं हीच माणुसकी होती.

आता चिली पाहा. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि सँटियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबलं. त्याच मैदानावर नोव्हेंबरात सोव्हिएत संघाशी विश्वचषक पात्रतेचा सामना होता. फिफाचे निरीक्षक येऊन गेले आणि सगळं ठीक असल्याचा दाखला देऊन परतले. कैद्यांना तेव्हा आत दडवून ठेवलं होतं. सोव्हिएत संघ आलाच नाही. २१ नोव्हेंबरला चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणी नसताना चेंडू पुढं नेत रिकाम्या जाळ्यात ढकलला आणि चिली पात्र ठरलं. गवत कसं आहे ते पाहून मैदानाला मंजुरी देणाऱ्यांकडून न्यायाची काय अपेक्षा ठेवायची?

कोलंबो आणि सँटियागो, दोन्ही अशांतच. पण एका ठिकाणी जाणं हा आधार होता आणि दुसऱ्या ठिकाणी जाणं म्हणजे जुलमाला हार घालणं. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडी_गडी

सर, विषय लय मोलाचा काढला. पण मी थोडा उलटा बोलतो, राग नका मानू.

पोट्टे चार-चार वर्स घाम गाळतात. सरकारं भांडतात अन् भोगतात पोट्टे. १९८०ले मॉस्कोच्या ऑलिंपिकले साठाच्या वर देश गेले नाहीत, काऊन तं रशियानं अफगाणिस्तानात फौज घुसवली म्हणून. मंग काय झालं? फौज निघाली १९८९ले. नऊ वर्सं! त्या बहिष्कारानं एक रणगाडा तरी मांगं हटला काय? ज्यायचं पदक त्या साली व्हतं, त्यायचं वय तं थांबलं नाही नं. आपण गेलो, हॉकीचं सोनं आणलं. त्याच्यानंतर आजवर ऑलिंपिकात हॉकीचं सोनं नाही आलं आपल्याले.

म्हून मी म्हणतो का खेळ चालू ठेवा. जीवाले धोका असन तं हलवा. पण सरकार चांगलं का वाईट हे तोलत बसाल तं अर्ध्या जगात मॅच घेता येणार नाही.

बंदोबस्त

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोली आणि चंद्रपुरात गेली. धाग्यात एक बाजू राहून गेली, ती मांडतो.

३ मार्च २००९, लाहोर. श्रीलंकेचा संघ गद्दाफी स्टेडियमकडे निघाला होता. २६/११ नंतर भारतानं दौरा रद्द केला, त्या जागी श्रीलंका गेली होती, राष्ट्रप्रमुखाला मिळते तशी सुरक्षा देऊ या शब्दावर. लिबर्टी चौकाजवळ बसवर हल्ला झाला. समरवीरा, परणविताना, संगकारा, मेंडिस वगैरे जखमी झाले, पंच अहसन रझांना गोळी लागली. बसचालक मेहर मोहम्मद खलील यांनी गाडी न थांबवता स्टेडियमपर्यंत दामटली म्हणून संघ वाचला. मग मैदानावर हेलिकॉप्टर उतरवून खेळाडूंना नेलं.

हे सगळ्यांना आठवतं. त्या दिवशी सहा पोलीस मेले, ते किती जणांना आठवतं? नागरिकही मेले. पाहुण्याला सुरक्षा द्यायची म्हणजे आपल्या कुणाच्या तरी पोराला त्या बसच्या पुढं उभं करायचं. अशांत जागी स्पर्धा घेण्याची किंमत आधी शिपाई मोजतो. गडचिरोलीत निवडणूक असली की मतदान पथकाच्या आधी रस्ता तपासत पायी जाणारे कोण असतात, ते मी पाहिलं आहे. त्यांच्या घरचे दोन-दोन दिवस फोनची वाट पाहत बसतात.

म्हणून २००९ ची आयपीएल दक्षिण आफ्रिकेत नेली ते मला पटलं होतं. लोकसभेची निवडणूक होती, फौजफाटा तिकडं गुंतलेला. तेवढ्याच माणसांकडून दोन्हीकडची कामं करून घेणं म्हणजे दोन्हीकडे भोकं ठेवणं. ते धैर्य नव्हे.

आणि गडीभाऊ, पाकिस्तानात कसोटी परत आली ती थेट डिसेंबर २०१९ मध्ये, आणि गेला कोण, तर श्रीलंकाच. त्यांनी जावंच असा आग्रह धरायचा अधिकार जगात कोणालाही नव्हता. ते आपणहून गेले, याला मी सलाम करतो.

वर्धेकाठी

बंदोबस्त काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

मी बायकांच्या क्रिकेटबद्दल लिहिते, कारण तिथला हिशेब नेहमी वेगळा लागतो. २०२४ चा महिला टी-२० विश्वचषक बांगलादेशात व्हायचा होता, ढाका आणि सिल्हेटला. जुलैपासून विद्यार्थ्यांचं आंदोलन, गोळीबार, संचारबंदी. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. आयसीसीनं भारताला विचारलं, बीसीसीआयनं पावसाचं आणि पुढच्या वर्षीच्या महिला विश्वचषकाचं कारण देत नकार दिला. स्पर्धा गेली अमिरातीत. यजमानपद कागदावर बांगलादेशकडंच राहिलं.

हलवली ते चूक होतं असं मी म्हणत नाही. ऑगस्टमध्ये ढाक्याची अवस्था पाहता दहा संघांची जबाबदारी कोण घेणार होतं? पण तारखा पाहा. अंतिम सामना दुबईत २० ऑक्टोबरला झाला. आणि दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, दक्षिण आफ्रिकेच्या पुरुष संघाची कसोटी ढाक्यातच, मीरपूरच्या मैदानावर सुरू झाली. म्हणजे पुरुषांच्या दौऱ्यासाठी वाट पाहायची तयारी होती, पाहणी पथकं पाठवायची तयारी होती. बायकांचा विश्वचषक मात्र आधी उचलला.

बांगलादेशच्या निगार सुलतानाच्या संघानं सलामीला शारजात स्कॉटलंडला हरवलं. टी-२० विश्वचषकातला त्यांचा दहा वर्षांतला पहिला विजय. तो मीरपूरला झाला असता तर? आमच्या गावात मुलीला क्रिकेट खेळू द्यायला बाप तयार होतो तो टीव्हीवर नाही, आपल्या मैदानावर, आपल्या डोळ्यांनी दुसऱ्याची पोर खेळताना पाहिली की. सिल्हेटच्या आसपासच्या खेड्यांतल्या बापांची ती संधी गेली. सर, ओझं खेळाडूवर पडतं हे तुमचं बरोबरच. पण ज्या मुली अजून खेळाडू झालेल्याच नाहीत त्यांच्यावरही पडतं.

अंजनगावकर

आपल्या वऱ्हाडाचा या विषयाशी जुना संबंध आहे, म्हणून लिहितो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं. कबड्डीसह आपल्या देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथं दाखवली. पारतंत्र्यातल्या, कापसाच्या एका गावातली माणसं बोटीनं जातात आणि जगापुढं आपला खेळ मांडतात! मला लहानपणापासून या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो आजही तसाच आहे.

पण बर्लिनला स्पर्धा मिळाली १९३१ मध्ये आणि हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये. अमेरिकेत बहिष्काराची मोठी चर्चा झाली, शेवटी संघ गेलाच. ग्रेटेल बर्गमन या ज्यू मुलीनं उंच उडीत जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती, तिला ऐन वेळी संघातून काढलं. पाहुणे यायच्या आधी ज्यूंविरुद्धच्या पाट्या रस्त्यांवरून उतरवल्या, आणि बर्लिनमधल्या रोमा-सिंती या भटक्या समाजाच्या कुटुंबांना उचलून मार्त्सानच्या छावणीत नेऊन टाकलं. शहर स्वच्छ दिसावं म्हणून. त्या उन्हाळ्यात बार्सिलोनात पर्यायी लोक-ऑलिंपिक भरणार होतं. खेळाडू पोचलेही होते, पण नेमकं त्याच वेळी स्पेनचं यादवी युद्ध पेटलं आणि ते बारगळलं.

अमरावतीहून गेलेल्या मल्लांना आपण दोष द्यायचा का? अजिबात नाही. दोष द्यायचा तो १९३३ नंतर तीन वर्षं हातात असूनही काही न करणाऱ्या ऑलिंपिक समितीला. सर, तुमच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

चौसष्ट_घरं

मी नागपूरला कॉलेजात शिकते, गाव आर्वीजवळ. विदर्भात बुद्धिबळ खेळणाऱ्या आम्हा सगळ्या मुलींसाठी दिव्याचा विजय हा सण होता. पण जॉर्जियाबद्दल वाचताना कळलं की बातुमी काही अगदी शांत नव्हतं. म्झिया अमाग्लोबेली या तिथल्याच पत्रकाराला जानेवारी २०२५ मध्ये आंदोलनाच्या वेळी बातुमीतच अटक झाली. स्पर्धा चालू असताना तिचा खटला त्याच शहराच्या न्यायालयात सुरू होता. दिव्या जिंकली २८ जुलैला आणि ६ ऑगस्टला म्झियाला दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढं युरोपीय संसदेनं तिला साखारोव पुरस्कार दिला.

हे वाचल्यावर कुणी तरी मला म्हणालं की दिव्यानं तिथं जायला नको होतं. मला याचा संताप आला. नोना गाप्रिंदाश्विली, माया चिबुर्दानिद्झे या जुन्या जगज्जेत्यांच्या देशात विश्वचषक होतोय, त्यातून ग्रँडमास्टर होता येतंय, जगज्जेतीला आव्हान देणारी खेळाडू ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेला जाता येतंय, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीनं जॉर्जियाचं राजकारण सोडवायचं?

बुद्धिबळात हे कायम मुलींच्याच वाट्याला आलंय. २०१७ मध्ये महिला जगज्जेतेपदाची स्पर्धा तेहरानला, डोक्यावर रुमाल सक्तीचा. त्याच वर्षअखेरीला जलद स्पर्धा सौदीत होती. युक्रेनची अ‍ॅना मुझीचुक गेली नाही, तिची दोन जगज्जेतेपदं हातची गेली. २०१८ मध्ये आपल्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथननं इराणमधल्या आशियाई सांघिक स्पर्धेतून रुमालाच्या सक्तीमुळं नाव मागं घेतलं. स्पर्धा तिथं ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणाचं काय गेलं? महासंघाला जमत नाही असंही नाही. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ चं ऑलिंपियाड काढून घेतलं आणि चारेक महिन्यांत ते मामल्लपुरमला उभं राहिलं. मनात आलं की होतं.

वऱ्हाडी_गडी

चिलीचं अन् बर्लिनचं वाचून जरा विचारात पडलो सर. जेलखान्याच्या डोक्यावर फुटबॉल खेळणं मले बी नाही पटत. पण ह्याचा माप कोणाच्या हातात देता? लंडन-दुबईतले साहेब ठरवतीन का कोणाचं सरकार जुलमी? गोऱ्यायच्या देशात दंगल झाली तं कोणी मॅच हलवत नाही, अन् आपल्याकडं फटाका फुटला तरी संघ घरी जाते. २०२१ले न्यूझीलंडवाले रावळपिंडीत पहिल्या वनडेच्या दिवशीच सामान बांधून निंघाले. काय धमकी व्हती, लोकायले नीट सांगतलं बी नाही.

बंदोबस्त

गडीभाऊंचा हा मुद्दा वजनदार आहे. ६ फेब्रुवारी २०२५ ला नागपूरजवळच्या जामठ्याला भारत-इंग्लंड वनडे झाली. गावागावांतून पोरं गाड्या करून गेली होती. १७ मार्चला नागपुरात महाल भागात हिंसाचार झाला आणि काही भागांत संचारबंदी लागली. समजा सामना मार्चमध्ये असता, तर बाहेरच्या माणसाला नकाशावर नागपूर म्हणजे नागपूर. महाल कुठं, जामठा कुठं, वर्धा रोडनं किती अंतर, हे त्याला कोण सांगणार? सुरक्षेचा अंदाज जागेवर येऊन, तिथल्या ठाण्यातल्या माणसाशी बोलून घ्यावा लागतो. नुसत्या बातम्या पाहून घेतलेला निर्णय भित्रा तरी असतो नाही तर आंधळा तरी.

काळी_माती

सगळ्यांचे प्रतिसाद मुलांना वर्गात वाचून दाखवले. गडीभाऊ, माप कोणाच्या हातात, हाच खरा पेच आहे, तो टाळत नाही.

आधी वयाचं बोलतो, कारण ते आम्ही रोज पाहतो. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी. मधे कुठं बंद पुकारला, तणाव झाला की स्पर्धा पुढं जाते, आणि कधी कधी होतच नाही. जिची जन्मतारीख काठावर आहे ती मुलगी पुढच्या वर्षी वरच्या गटात ढकलली जाते, सवलतीचे गुणही जातात. तिच्या गावात दगड दुसऱ्यानंच फेकलेला असतो. म्हणून 'रद्द करा' हे शब्द मी कधीच हलक्यानं उच्चारत नाही. हलवता येत असेल तर हलवा, पण खेळवा.

मापाचं म्हणाल तर सरकारला चांगल्या-वाइटाचं प्रमाणपत्र देत बसावं असं मी म्हणत नाही. यजमानपद देतानाच करारात लिहून ठेवावं: स्टेडियम किंवा स्पर्धेची कुठलीही जागा लोकांना डांबायला वापरली, स्पर्धेसाठी वस्त्या उठवून माणसं छावणीत नेली, वार्तांकनाला आलेल्या पत्रकारांना अडवलं, की यजमानपद जाईल. या गोष्टी डोळ्यांनी दिसतात, त्यासाठी कुणाचा राजकीय पक्ष विचारावा लागत नाही. लंडनला लागू तेच लाहोरला. सुरक्षेचा अहवाल बंदोबस्त काका म्हणतात तसा जागेवरचा, यजमानांपासून स्वतंत्र माणसांनी केलेला असावा, आणि निर्णयामागचं कारण लोकांसमोर मांडावं. हलवली तर वर्धेकाठी ताईंच्या मुद्द्याप्रमाणे पैसा यजमान देशाच्या खेळाकडंच जावा आणि स्थिती निवळल्यावर त्याच संघाचे घरचे सामने आधी ठेवावेत. आणि एखाद्या खेळाडूनं भीतीनं किंवा मनाला पटत नाही म्हणून जायचं नाकारलं, तर त्याची जागा, क्रमवारी, मानधन, कशालाही धक्का लागू नये.

चौसष्ट_घरं

सर, हे सगळं बाहेरून येणाऱ्या खेळाडूचं झालं. जो त्याच देशाचा आहे त्याचं काय? त्याला तर 'जात नाही' असंही म्हणता येत नाही. तो तिथंच राहतो.

काळी_माती

हा प्रश्न माझ्या यादीतून निसटला होता.

१० फेब्रुवारी २००३, हरारे. विश्वचषकातला झिम्बाब्वेचा पहिला सामना. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडावर काळी पट्टी बांधून उतरले. आपल्या देशात लोकशाहीचा मृत्यू झालाय, त्याचा हा शोक, असं त्यांनी लेखी निवेदन दिलं. इंग्लंडनं त्या स्पर्धेत हरारेला न जाता गुण सोडले, त्याची चर्चा महिनोन् महिने चालली. इंग्लंडचे खेळाडू आपल्या घरी सुखरूप होते. ओलोंगाला जिवाच्या धमक्या आल्या, त्याला देश सोडावा लागला. त्या विश्वचषकानंतर दोघंही झिम्बाब्वेकडून पुन्हा कधी खेळले नाहीत. ओलोंगा तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता.

तेव्हा अशा देशात स्पर्धा घ्यायचीच असेल, तर त्या देशाच्या खेळाडूनं तोंड उघडल्यास त्याला संघातून काढता येणार नाही, आणि त्याच्या जिवावर बेतलं तर त्याला व त्याच्या घरच्यांना बाहेर काढण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय महासंघाची राहील, हेही करारात घातलं पाहिजे. यजमान देश यावर सही करायला तयार नसेल, तर तिथं स्पर्धा देऊ नये. गडीभाऊ, एवढ्या अटीला तरी तुमची हरकत आहे का?

वऱ्हाडी_गडी

नाही सर, ह्या अटीले माह्यी हरकत नाही. पण सही केल्यावर ते पाळतीन याची हमी कोण घेते, तेवढं सांगा. आपल्याकडं कापसाच्या हमीभावावर बी सह्या असतातच नं.